दोन बोटांचा दावा

माझी दोन बोटं गेली तेव्हा मी पहिलं काम काय केलं, तर कविता लिहिली. डाव्या हातानं, दवाखान्याच्या केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं होतं. कविता लोकांना आवडली. एका मेळाव्यात वाचली तर टाळ्या पडल्या, एकानं पाठीवर थाप मारून 'आग आहे, आग' म्हटलं. मालकाला मात्र त्या आगीची धगसुद्धा लागली नाही. त्याचं मशीन दुसऱ्या दिवशी सकाळपाळीला चालू होतं.

अर्ज मी लिहिला त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी. मुदत संपायला एकोणीस दिवस उरले होते. आधी अर्ज आणि मग कविता असं व्हायला पाहिजे होतं. ते उलटं का झालं, हे सांगायला आज बसलोय.

निमित्त गेल्या अंकाचं. आपल्याच एका दोस्तानं त्यात लिहिलंय, की कोर्टात भरपाई मागणं म्हणजे मनूच्या वारसांपुढं झोळी पसरणं. विद्रोही माणूस अर्ज करत नसतो, जाळत असतो. वाक्य झकास आहे. असली वाक्यं मीही लिहिलीत. पण दोस्ता, तू ते वाक्य पाचही बोटांनी लिहिलंयस. मी हे तीन बोटांनी लिहितोय, म्हणून जरा सावकाश वाच.

आमचं गाव हरिहरेश्वर. तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड. लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग खडकातून उतरून समुद्राच्या कडेकडेनं प्रदक्षिणा. भरती असली की ती वाट बंद. मुंबई-पुण्याची माणसं इथं मेलेल्यांची कार्यं करायला येतात. भाताचे पिंड, दर्भ, तीळ, सगळं मोजून. कावळा शिवेपर्यंत उन्हात उभी राहतात. मेलेल्या आजोबाचं देणं अंगावर राहू नये म्हणून एवढा खटाटोप! आणि त्याच गावात मी तुटका हात घेऊन परत आलो तेव्हा जिवंत माणसाचं देणं कोण देणार, हा प्रश्न एकाच्याही तोंडी आला नाही.

१८ ऑगस्ट २०२२ ला याच किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली. आत एके-४७ रायफली. बघता बघता पोलीस आले, एटीएस आलं, विधानसभेत निवेदन झालं, बोटीच्या मालकिणीचा पत्ता थेट ऑस्ट्रेलियापर्यंत लागला. करायलाच पाहिजे होतं, त्याबद्दल तक्रार नाही. मी एवढंच म्हणतो, की सरकारला पंचनामा करता येतो. लाकडाच्या आणि लोखंडाच्या वस्तूचा करता येतो. माझी बोटं ज्या जागी पडली त्या जागेचा झाला नाही. ती झाडूवाल्यानं कचऱ्याबरोबर भरली.

आता वाडीचं ऐका. मी आलो तेव्हा आय म्हणाली, "बाला, नशिबात व्हतं." शेजारचे तात्या म्हणाले, "जीव वाचला हेच लय." आमची वाडी बौद्ध आहे. विहारात बाबासाहेबांचा फोटो आहे, बावीस प्रतिज्ञा रंगवून लावल्यात. देव आपण १९५६ ला टाकला. पण नशीब? ते घरातच ठेवलं, माळ्यावर, जुन्या भांड्यासारखं. अपघात झाला की काढायचं. मालकाला आपल्या घरात यायची गरजच नाही, त्याचा वकील आपल्या माळ्यावर बसलेला आहे.

आणि हे नशीब नुसतं आपल्याकडं पिकत नाही. १८३७ साली इंग्लंडात एका खाटकाच्या नोकराचा खटला झाला. खाटकानं गाडीत बेसुमार माल भरला, गाडी मोडली, पोरगा जायबंदी झाला. ज्यूरीनं त्याला १०० पौंड दिले. वरच्या कोर्टानं ते काढून घेतले, का तर धोका नोकरालाही दिसत होता, नको होतं तर त्यानं गाडीवर चढू नये! मागल्या जन्माचं पाप नाही, तर या जन्मातली संमती. हिशोब तोच. पुढं साठ वर्षं तिथल्या कामगारांनी भांडून १८९७ ला भरपाईचा कायदा घेतला. आपल्याकडं तो आला १९२३ ला. त्यातली मुख्य गोष्ट ही, की चूक मालकाची होती हे कामगारानं सिद्ध करायची गरज नाही. काम करताना, कामामुळं इजा झाली, एवढं पुरे. म्हणजे कायद्याच्या पुस्तकातनं नशीब १९२३ लाच हद्दपार झालं. आपल्या माळ्यावर अजून आहे.

मी भिवंडीकडच्या एका सायझिंगमध्ये होतो. नाव लिहीत नाही, दावा चालू आहे. सायझिंग म्हणजे कापड विणायच्या आधी ताण्याला खळ लावायची गिरणी. हजारो धागे खळीच्या टाकीतून निघतात, दोन रोलरांत पिळले जातात, तापलेल्या सिलिंडरांवर वाळतात आणि बीमवर गुंडाळले जातात. धागा तुटून रोलरला लपेटला तर मशीन थांबवून काढायचा, हा नियम. पण थांबवलं की ताणा सिलिंडरवर करपतो, डाग पडतो, आणि डागाचे पैसे आमच्या पगारातून जातात. म्हणून सगळेच चालत्या रोलरवर हात घालतात. रोलरपुढची जाळी मी लागायच्या आधीपासून काढून भिंतीला टेकवलेली होती. आम्ही तिच्यावर टॉवेल वाळत घालायचो.

मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी आपल्या माणसाला विणाई खात्यात घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आपली थुंकी लागलेला धागा सवर्ण विणकराला बाटवायचा. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हे उघड्यावर मांडलं. आता थुंकीचा विटाळ गेला म्हणतात. माझं रक्त खळीच्या टाकीत गेलं. त्या ताण्याचं कापड झालं, विकलं गेलं, कुणाच्या तरी अंगावर आहे. रक्ताचा विटाळ कुणालाच झाला नाही.

मालकाचा माणूस दवाखान्यात आला. बिस्किटाचा पुडा, वीस हजार रुपये आणि शंभराचा स्टँप पेपर. "दवाखान्याचं बिल सेठनी भरलंय, हे वरचे वीस माणुसकीचे. इथं सही कर, की आता काही मागणं नाही." सही करायला बोटंच नव्हती म्हणून मी वाचलो, हे खरं सांगतो. अंगठा घेतो म्हणाला तेव्हा मला ओकारी आली आणि तो उठून गेला.

त्या वीस हजारांचा हिशोब आता मांडतो, कारण आपल्या लिखाणात शिव्या पुष्कळ असतात, आकडे नसतात. मला अपघाताच्या वेळी २४ वर्षं पूर्ण होती, पगार १२ हजार. कायद्यात सूत्र आहे. पगाराचे ६० टक्के, म्हणजे ७,२००. त्याला वयाचा गुणांक, चोविशीला २१८.४७. झाले १५,७२,९८४. ही पूर्ण निकामी माणसाची किंमत. मग परिशिष्टातलं कोष्टक, कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली याचं. अंगठा ३०. तर्जनी १४. मधलं बोट १२. एका हाताची दोन बोटं एकदम गेली तर २०. आता चौदा आणि बारा सव्वीस होतात, पण जोडीनं गेली म्हणून वीस! मरणाऱ्यानं आणि तुटणाऱ्यानं घाऊक भावातच जायचं, असं हे कोष्टक. तरी त्या अपमानाच्या कोष्टकानंसुद्धा माझे होतात ३,१४,५९७ रुपये. ते थकवले तर वर १२ टक्के व्याज आणि कारण नसताना थकवले तर निम्म्यापर्यंत दंड. दवाखान्याचा खर्च यातून वळता करता येत नाही, तो वेगळा.

म्हणजे बिस्किटाच्या पुड्याबरोबर आलेली माणुसकी वीस हजारांची होती आणि देणं तीन लाखांचं होतं. मधल्या दोन लाख चौऱ्याण्णव हजारांचं नाव नशीब.

आणि तो स्टँप पेपर? त्याच कायद्याचं कलम १७ सांगतं, की कामगारानं भरपाईचा हक्क सोडल्याचा करार रद्दबातल. तडजोड करायची तर आयुक्तापुढं नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी दिसली तर आयुक्त नोंद नाकारू शकतो. हे मला दवाखान्यात माहीत असतं तर? माहीत नव्हतं. आठवीत शाळा सुटली, वाचायला मी पुढं माझा मीच शिकलो, पण वाचल्या त्या कविता. बाबासाहेब वकील होते हे भाषणात शंभरदा सांगितलं, वकिलाचं पुस्तक एकदाही उघडलं नाही.

आता वकिलांबद्दल. दोस्ताचा राग इथं अर्धा खरा आहे. मला पहिला जो वकील भेटला तो म्हणाला, "जे सुटेल त्यात चाळीस टक्के माझे," आणि कोरं वकीलपत्र पुढं सारलं. मी सही करणार होतो. मालक बोटं घेतो, वकील बोटांची किंमत घेतो, हा जुनाच धंदा आहे. पण तुम्हाला सांगतो, निकालावर टक्केवारीची फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. टक्के मागणारा वकील आपल्यावर उपकार करत नसतो, नियम मोडत असतो. आणि फी द्यायला पैसे नाहीत म्हणून गप्प बसायचंही कारण नाही. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला, औद्योगिक कामगाराला आणि अपंगाला, उत्पन्न कितीही असो, वकील फुकट. मी तिन्हींत बसतो. जातीनं दिलं, गिरणीनं दिलं, रोलरनं दिलं. तीन दाखले घेऊन मी तालुक्याच्या विधी सेवा समितीत गेलो. दावा आपण राहतो तिथल्या आयुक्ताकडंही लावता येतो. त्यासाठी भिवंडीला पाय झिजवायची गरज नाही, हेही तिथंच कळलं.

मिळालेल्या वकीलबाई वयानं माझ्याएवढ्याच. मी त्यांना अपघात सांगायला लागलो, जसा मेळाव्यात सांगतो तसा. त्या म्हणाल्या, "हे राहू द्या. पगार रोख होता का? किती माणसं होती? ईएसआयचं कार्ड होतं का?" मला राग आला. मी माझं दुःख सांगतोय आणि ही बाई माणसं मोजतेय! नंतर समजलं, की कारखान्याला ईएसआय लागू असेल तर मालकावर हा दावा चालत नाही, मग महामंडळाकडं जायचं, तिथं लाभ वेगळे. चुकीच्या दारात गेलो तर दोन वर्षं तिथंच संपतात. आम्ही सायझिंगमध्ये आठच जण होतो, म्हणून हे दार.

मग पुरावे. पगाराची पावती नाही, हजेरीचं पुस्तक मालकाकडं. बाईंनी माझा मोबाइल मागितला. मुकादमाचे मेसेज निघाले, "उद्या रातपाळी", "रविवारी ये". दोन सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं झाली. त्यातला एक आता मालकाकडं नाही, त्याला काढलं. त्याचं देणं माझ्यावर आहे आणि ते कुठल्याच कोष्टकात नाही. आणि तो केसपेपर. "मूळ प्रत आणा," म्हणाल्या. आणली. बाईंनी पाठीमागची कविता वाचली, काही बोलल्या नाहीत, पुढच्या बाजूवर नजर फिरवली. 'मशीनमध्ये हात सापडून' असं डॉक्टरनं लिहिलेलं, तारीख, वेळ. "हे लागेल," म्हणाल्या. तेव्हा माझी कविता आता कोर्टाच्या फायलीत आहे, पण पालथी.

मालकाची कैफियत आली. आपण कवितेत 'कैफियत' आपली म्हणून लिहितो. कोर्टात कैफियत सामनेवाल्याची असते, आपला असतो दावा. हा फरक ध्यानात ठेवा. कैफियतीत लिहिलं होतं, एक, अर्जदार आमचा कामगारच नाही. दोन, अर्जदारानं मशीनची जाळी स्वतः मुद्दाम काढली. जो माणूस कामालाच नव्हता त्यानं जाळी काढली! मी हसलो. बाई हसल्या नाहीत. जाळी कामगारानंच मुद्दाम काढली असं ठरलं तर आमच्यासारख्या अर्धवट अपंगाचा दावा पडू शकतो. दोन दिवस मी मोबाइलमधले फोटो उपसले. एक सापडला. अपघाताच्या सात महिने आधीचा, कुणाच्या तरी वाढदिवसाचा. आम्ही चौघं तोंडाला केक फासून उभे, आणि मागं भिंतीला टेकलेली जाळी, तिच्यावर माझा निळा टॉवेल. दहा बोटांचा मी त्यात हसतोय.

दावा अजून चालू आहे. तारखा पडतात. एका तारखेला एसटीचं भाडं आणि एक दिवसाची रोजी जाते. कायदा लवकर न्याय देतो असं मी लिहिणार नाही, खोटं होईल. धाराशिवकडचा एक साखर कारखान्याचा रखवालदार. २००३ साली पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि वाटेत मेला. आयुक्तानं घरच्यांना ३,२६,१४० रुपये आणि व्याज दिलं. उच्च न्यायालयानं २०११ ला ते रद्द केलं, कामावर जाताना मेला, कामावर नाही, म्हणून. सर्वोच्च न्यायालयानं ते परत दिलं जुलै २०२५ मध्ये. बावीस वर्षं! त्याच्या बायकोची बावीस वर्षं कुठल्या गुणांकात बसतात? पण त्या घरानं मधेच फाईल टाकून दिली नाही, म्हणून आज कामावर जाता-येता मरणाऱ्याच्या घरचा माणूस त्या निकालावर बोट ठेवू शकतो. त्यांनी आपल्याला बोट दिलं.

आता दोस्ता, तुझ्या 'जाळतो'कडं येतो.

हरिहरेश्वराच्या दक्षिणेला सावित्री समुद्राला मिळते. ती येते महाडवरून. बागमांडल्याला फेरीबोटीत बसलं की पलीकडं वेसवी, मंडणगड तालुका, आणि त्या तालुक्यात आंबडवे, बाबासाहेबांचं मूळगाव. म्हणजे मी लहानपणापासून ज्या पाण्यात पाय घालतोय ते त्यांच्या दोन्ही गावांचं पाणी आहे. महाडला त्यांनी २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली, हे तुला पाठ आहे. मलाही आहे. पण त्याच महिन्यात आणखी काय झालं? १२ डिसेंबरला सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा लावला, की चवदार तळं खाजगी आहे. १४ ला मनाई हुकूम आला. हजारो माणसं जमलेली असताना बाबासाहेबांनी तळ्यावर जायचं थांबवलं आणि तो दावा लढवला. महाडला, मग ठाण्याला, मग मुंबईला उच्च न्यायालयात. निकाल आपल्या बाजूनं लागला १७ मार्च १९३७ ला. नऊ वर्षं तीन महिने. पुस्तक जाळायला एक संध्याकाळ लागली. तळं आपलं आहे हे कागदावर आणायला नऊ वर्षं तीन महिने लागले. आपण त्या संध्याकाळीची जयंती करतो, त्या नऊ वर्षांच्या तारखांची नाही. ते झोळी पसरत होते का रे?

मनुस्मृती जाळली कारण तिच्यात आपल्याला दावाच लावता येत नव्हता. शूद्रानं मागायचं नाही, मिळेल ते घ्यायचं. ज्या कायद्यात मला 'अर्जदार' म्हणतात आणि सेठला 'सामनेवाला', तो कायदा कितीही लंगडा असो, तो जाळून मी पुन्हा बिस्किटाच्या पुड्याकडं जाऊ? सेठलाही तेच पाहिजे आहे. 'कोर्टकचेरीत काही राम नाही' हे वाक्य तू लिहितोस, आणि त्याचा मुकादमही बोलतो. एकाच वाक्यावर तुमचं दोघांचं जमावं, याचा जरा विचार कर.

मंडणगडला ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या कोर्टाच्या इमारतीचं उद्घाटन तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांनी केलं. आपल्याला अभिमान वाटला. वाटू दे. पण अभिमानानं पायरी झिजत नाही. ती आपल्या पायांनी झिजली पाहिजे.

शेवटचं सांगतो. आमच्या वाडीतला एक पोरगा, वय एकोणीस, गेल्या महिन्यात लॉजच्या बांधकामावर परांचीवरून पडला. मणक्याला मार, उठता येत नाही. ठेकेदारानं पंधरा हजार आणि स्टँप पेपर पाठवला. विहारात बैठक झाली. तात्या म्हणाले, "घेऊन टाका. मोठ्या लोकांशी वैर नको." मी उभा राहिलो. कविता म्हटली नाही. फळ्यावर डाव्या हातानं ७,२०० पासून हिशोब मांडला. १९२३ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण मुदत दोनच वर्षं आहे, हे सांगितलं. ठेकेदारानं हात वर केले तर लॉजच्या मालकालाही धरता येतं, हे सांगितलं. माझी आय मागं बसली होती. हिशोब संपल्यावर तिनं विचारलं, "मग नशिबात किती व्हतं?" लोक हसले. ती हसली नाही, तिला खरंच आकडा पाहिजे होता.

पोराची सही अजून झालेली नाही. पेपर त्याच्या उशाखाली आहे आणि मुकादम रोज संध्याकाळी फेरी मारतो.

तेव्हा दोस्ता, पुढच्या अंकाला कविता पाठवण्याआधी एकदा इकडं ये. बागमांडल्यापर्यंत एसटी आहे, मी घ्यायला येतो. त्या पोराचा केसपेपर, मुकादमाचे मेसेज आणि सोबत्यांचे जबाब गोळा करायचेत, आणि माझ्या हाताला लिहायला वेळ लागतो. तुझा हात पाहिजे. आणि काही जाळायची फारच हौस असेल तर तो स्टँप पेपर... नाही, तोही जाळू नकोस.

तो पुरावा आहे.

जयभीम.